परडीत पडलेलं बियाणं

चन्नव्वाचं नाव आधी लिहून ठेवते, मग बाकीचं. पुढं काय झालं ते सांगायला लागले की माझं मन इकडंतिकडं पळतं, आणि नेमकं जिचं नाव घ्यायचं तीच मागं राहील अशी मला धास्ती वाटते. चन्नव्वा म्हणजे मावशीच्या गावातल्या, आमच्या शेजारच्या तेलाच्या दुकानवाल्या सावकारांची मधली सून. लिंगायताचं घर, गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, माहेर पार कानडी मुलखातलं. तिला मूलबाळ नव्हतं. घरात तिचं फार चालत होतं असंही नाही. पण चालताना मान ताठ असायची. त्यांच्या घरात देणारा हात होता, मागणारा नव्हता, हे तिला लग्नाच्या पहिल्याच दिवशी सासूनं सांगितलेलं. त्या चन्नव्वानं माझ्या मावशीसाठी जे केलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या मालकांना नाही, मुलांना नाही. आता सुरतेत थोरल्याच्या घरी, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून लिहितेय. शाळा चौथीत सुटली. त्यामुळं वेलांट्या-उकार चुकतील, ते वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

माझं घर सोनारीच्या बाजूला, परंडा तालुक्यात. आई अंथरुणाला खिळली तेव्हा वडिलांनी आम्हा भावंडांना वाटून टाकलं, असं म्हणायला जीभ कचरते, पण झालं तसंच. मी मावशीच्या वाट्याला आले. मावशीचं गाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नळदुर्गापासून आत. एसटीत बसले तेव्हा वडील म्हणाले, "चार महिन्यांनी न्यायला येतो." ते आले नाहीत असं नाही, आले, मला बघून, पोटभर जेवून, माझ्या डोक्यावर हात ठेवून परत गेले. मावशीच्या कडेवर तेव्हा तान्हा बाळू होता आणि त्याला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. मावशी आणि काकांनी मला कधी परकं म्हटलं नाही. तरी मी दुसरी भाकरी मागायला भ्यायची. मावशी न विचारता ताटात टाकायची आणि म्हणायची, "खा की गं, सासुरवाशिणीगत काय करायलीस?" मी खायची, आणि खाताना वाटायचं, या घरात काही वाईट झालं तर पहिल्यांदा मलाच परत पाठवतील. ती भीती मला इतकी सवयीची झाली होती की आजही फोन वाजला की आधी तीच येते.

त्या घरातले आवाज माझ्या कानात अजून आहेत. पहाटे जात्याची घरघर, तिच्यात मावशीचं गुणगुणणं, मग गोठ्यात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, मग परातीत भाकरी थापल्याचा थाप थाप आवाज. भिंतीपलीकडं चन्नव्वाच्या घरातही तीच थापथाप, पण जलद आणि हलकी, कारण त्यांच्याकडं भाकरी पातळ थापून कडक करायची रीत. त्या कडक भाकऱ्या पापडासारख्या मोडायच्या आणि महिनाभर राहायच्या. चन्नव्वा भिंतीवरून हात लांबवून दोनचार द्यायची, वर शेंगाची चटणी. मावशी बदल्यात अंबाडीची भाजी द्यायची. थंडीत हुलग्याचं माडगं, पावसाळ्यात कारळाची चटणी, आणि बाराही महिने ज्वारी. गव्हाची पोळी सणाला. मोगलाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गावातली म्हातारी माणसं अजून काही गोड झालं की "निजामाच्या वक्ताला" असंच सुरू करायची.

बियाणं हा मावशीचा प्रांत. काढणीच्या आधी ती स्वतः शेतात जायची, धाटांमधून फिरायची, टपोरी, भरगच्च, एकसारख्या दाण्याची कणसं बघून कापून आणायची. काका मागून हसायचे, "सून बघायला निघालीस काय?" ती म्हणायची, "सुनंपरीस बी नीट बघावं लागतंय. सून बोलून दाखवती, बी बोलत न्हाय." ती कणसं चुलीच्या धुरावर आढ्याला टांगलेली असायची. मग हातानं मळून, उन्हात वाळवून, गोवऱ्यांची राख आणि कडुनिंबाचा वाळला पाला मिसळून मडक्यात भरायची. मडक्यावर मडकं, अशी उतरंड माजघराच्या कोपऱ्यात. तोंडं शेणामातीनं लिंपलेली. त्या उतरंडीला काका हात लावत नसत. बियाणं पेरायचं ते पुरुषानं, राखायचं ते बाईनं, हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. आणि त्या बियातला एक दाणाही कुणी खात नसे. दुष्काळी साली घरात कण्या खाल्ल्या पण उतरंड फोडली नाही, असं मावशी अभिमानानं सांगायची.

दोन सालं मात्र काणी पडली होती. काणी म्हणजे ज्वारीचा रोग, कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. हात लावला की बोटं काजळल्यासारखी होतात. मावशीला ते फार लागलं होतं. माझ्या हातनं निवडताना काय चुकलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणायची. म्हणून त्या वर्षी रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर ग्रामसेवक आले तेव्हा काकांनी त्यांना आपल्याच ओसरीवर बसवलं. चांगले तरुण गृहस्थ होते, घाम पुसत पुसत सगळ्यांना नीट समजावून सांगत होते. काका आत आले आणि मावशीला म्हणाले, "बियाची मडकी दे." मावशीनं दिली. ओसरीवर पाहुणे पुरुष असले की बायका माजघराच्या दाराआड. मी बाळूला मांडीवर घेऊन तिथंच बसले होते. बाहेर त्यांनी बियाणं आणि पुडीतली भुकटी मोठ्या मडक्यात घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं गोल गोल हलवलं. खळ्ळ खळ्ळ असा आवाज यायचा आणि बाळू हसायचा. मग ग्रामसेवक हळू आवाजात काहीतरी म्हणाले आणि सगळी ओसरी हसली. ते काय होतं ते मला नंतर कळलं. ते म्हणाले होते, "हे बी खायचं नाही, जनावराला घालायचं नाही, हात साबणानं धुवायचे. विषारी आहे." आणि कुणीतरी म्हणालं होतं, "साहेब, बी कोण खातंय? आमी काय येडे हाव?"

काकांनी मडकी आत आणून ठेवली. तोंडं त्यांनी स्वतःच लिंपली, जाड, ओबडधोबड.

"काय लावलं?" मावशीनं विचारलं.

"औषध."

"काणीचं?"

"व्हय. आता बघ कणसं कशी येत्यात ती."

मावशीनं लिंपणावर बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघून हसली. "बघ गं शांते, पुरुषाचा हात. म्हशीनं शेण टाकल्यागत लिंपलंय." एवढंच बोलणं झालं. मी त्यावर आयुष्यभर विचार केलाय आणि मला त्यात कुणाची चूक सापडत नाही. काकांच्या लेखी, बी कुणी खातच नाही, मग सांगायचं काय. आणि मावशीच्या हातनं बियाण्याला आजवर जे जे लागलं होतं, राख, पाला, गोमूत्र, ते सगळं माणसाला चालणारं होतं. औषध म्हणजे तिच्या लेखी सरकारची राख. रंगही तसाच करडा होता.

आता एक गोष्ट अशी होती जी काकांना ठाऊक नव्हती, कारण ती बायकांची होती. पेरणीआधी बियातला पहिला वाटा देवीचा. आमच्या भागात तुळजापूरच्या आईच्या आराधिणी मंगळवारी-शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात वेताची परडी घेऊन पाच दारी जोगवा मागतात. त्यांच्या परडीत पीठ-धान्य घालायचं. आणि मावशीच्या सासूनं तिला घालून दिलं होतं की पेरणीच्या आधीच्या जोगव्याला उतरंडीतलं बी घालावं, घरातलं सगळ्यात चांगलं ते आधी आईला. पाच घरचं मिळालेलं आराधिणीनं त्याच दिवशी दळायचं, नैवेद्य दाखवायचा आणि खायचं. दुसऱ्या दिवसाला ठेवायचं नाही.

शुक्रवारी सकाळी सखूआक्का आली. नदीपलीकडच्या वस्तीवरची वयस्कर आराधीण, बरोबर नात गोदी, चारपाच वर्षांची, आजीचा पदर धरून चालणारी. "आई राजा उदो उदो" म्हणून ती दारात उभी राहिली. मावशीनं अंघोळ करून, ओल्या केसांनी वरच्या मडक्याचं लिंपण फोडलं, सूप भरून बी घेतलं आणि पाखडलं. करडी धूळ उडाली. मावशीला शिंक आली. "औंदा पाला लई उग्र पडलाय," म्हणाली. आणि ओंजळी भरभरून परडीत घातल्या. गोदीच्या हातात मी गुळाचा खडा दिला. सखूआक्का म्हणाली, "पाचवं दार तुमचंच. आता नळदुर्गाला बाजारात जरा जाती आन घरला जाती." मावशी तिच्या पाया पडली.

दुपारी काका जेवायला बसले. मावशी खुशीत होती. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "सखूआक्का येऊन गेली. बियातला वाटा घातला. आता खुशाल पेरायला घ्या, चाड्यावर मूठ धरा."

काकांचा हात ताटातच थांबला. "कुठल्या बियातला?"

"उतरंडीतल्या. दुसरं कुठलं हाय?"

काका उठले तेव्हा तांब्या लवंडला. "हात धू," ते म्हणाले. "रुक्मे, आधी हात धू. साबण कुठाय? शांते, पोरगं घे तिच्याकडनं. घे म्हणतो ना!" मी बाळूला ओढून घेतलं, तो रडायला लागला. मावशीला काही कळेना. काका ओरडत नव्हते, ते मला जास्त भीतीचं वाटलं. हळू बोलत होते, एकेक शब्द सुटा. "इख हाय त्याच्यात. खायचं न्हाय. साहेब बोलून गेलाय." मावशी हात धूत राहिली. राखेनं, मग साबणानं, मग मातीनं, मग पुन्हा साबणानं. हाताची कातडी लाल झाली तरी धूत राहिली. काका पायताण न घालताच नळदुर्गाच्या वाटेनं पळत सुटले, सखूआक्काला बाजारात गाठायला. वाटेत दवाखान्यातही विचारतो म्हणाले. आणि घरात मी, मावशी आणि रडणारा बाळू. मावशी भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "ती बाजाराला न्हायच गेली तर? शांते, ती घरलाच गेली आसंल तर? दळंल की गं ती आता."  मी बाळूला खांद्यावर थोपटत राहिले. मग ती म्हणाली, "जा, चन्नव्वाला सांग. दुसऱ्या कुणाला न्हाय."

चन्नव्वा मागच्या पडवीत भाकऱ्या थापत होती. मला बघून तिनं विचारलं, "येन आतु गं? काय झालं?" मी सांगितलं, म्हणजे काय सांगितलं कोण जाणे, पण तिला समजलं. पिठाचे हात तिनं लुगड्याला पुसले. आतून सासू ओरडली, "कुठं निघाली ही? तव्यावरची भाकरी काय मी उलथू?" चन्नव्वा कानडीत काहीतरी बोलली. सासू म्हणाली, "गावाच्या कामाला घोडी, घरच्या कामाला लंगडी!" पण तोवर आम्ही दाराबाहेर होतो. बाळूला चन्नव्वानं धाकट्या जावेच्या कडेवर टाकलं होतं.

नदीची वाट उताराची. पाणी गुडघ्याएवढं. चन्नव्वा पुढं, मी मागं. ती मला बोलतं ठेवत होती, आता कळतं, मी रडू नये म्हणून. "पाय उचल की. सोनारीच्या भैरवनाथाची पोर ना तू? त्याचं कुत्रं सुद्धा तुझ्यापरीस जोरात पळत आसंल." मी हसले नाही. तिनंही हसण्याची वाट पाहिली नाही. नदीपलीकडं एक मेंढपाळ बसला होता. तिनं त्याला कानडीत विचारलं, त्यानं हात करून दाखवलं. सखूआक्का बाजाराला गेलीच नव्हती. पोरीला भूक लागली म्हणून उन्हं कलायच्या आधीच नात कडेवर घेऊन वस्तीकडं गेली होती. चन्नव्वाचं बोलणं तिथं संपलं. त्यानंतर आम्ही फक्त चाललो. मला एकच ऐकू येत होतं, सकाळचं ते पाखडणं, आणि मावशीची शिंक.

वस्ती दिसायच्या आधी वास आला. भाकरीचा. ज्वारीची ताजी भाकरी तव्यावर फुगते तेव्हाचा. जगात त्याच्याइतका आपला वास दुसरा नाही, आणि त्या दिवशी तो वास येताच आम्ही दोघी पळत सुटलो. सखूआक्का खोपटाच्या दारात तीन दगडांची चूल करून बसली होती. एक भाकरी तव्यावर. एका थाळीत अर्धी उरलेली. गोदी त्या थाळीजवळ पाय पसरून बसली होती, तोंडाला पीठ लागलेलं.

"सखूआक्का, तव्यावरचं उतरव," चन्नव्वा म्हणाली. "त्या बियाला इख लावलं होतं. रुक्माक्काला ठावं नव्हतं. पोरगी किती खाल्ली?"

सखूआक्कानं वर बघितलं. तिला राग आला नाही, हसू आलं. "इख? आईच्या परडीत? परडीत पडलं की त्याचं परसाद हुतंय, सावकारीणबाई. आजवर कुणाच्या घरचं काय काय पडलं ह्यात, किडलेलं, भिजलेलं. आईनं गोड केलं."

"हे तसलं न्हाय."

"मग काय करू? टाकू? जोगवा टाकायचा?" आता तिचा आवाज चढला. "निवद दावलाय मी. ह्यातला कण भुईला पडला तर मी नखानं वेचती. माझ्या सासूनं, तिच्या सासूनं कधी टाकला न्हाय. मी खाईन. मरण आलं तर आईच्या हातनं आलं." आणि तिनं थाळीतल्या भाकरीचा तुकडा मोडला.

मी तिथं उभी होते. मला धावून जाऊन तिचा हात धरता आला असता. धरला नाही, कारण आमच्यात देवीच्या बाईच्या हातातलं हिसकावत नाहीत, आणि मी परक्या घरची, परक्या गावची. आज सुनेनं गोळ्यांची बाटली कुठं ठेवली, डब्यावर काय लिहिलंय, हे मी दिवसातून चारदा बघते. नातू हसतो. त्याला काय सांगू.

तेव्हा चन्नव्वा मातीत गुडघ्यावर बसली. डोक्यावरचा पदर काढला, दोन्ही हातांनी पसरला आणि म्हणाली, "सखूआक्का, जोगवा घाल."

सखूआक्कानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. जोगवा मागणाऱ्याला आराधीण नाही म्हणू शकत नाही, हे सखूआक्काला माहीत होतं आणि चन्नव्वालाही. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "तुमी लिंगाच्या. सावकाराच्या सून. येकदा पदर पसरला की माघारी घेता येत न्हाय. मंगळवार-शुक्रवार पाच दारं. मरंस्तवर. पुढं कुणी परडी हातातनं घेईस्तवर जीव सुद्धा सुटत न्हाय, आसं म्हणत्यात."

"म्हाईत हाय."

"सासू घरात घील का?"

"घाल, सखूआक्का. समदं घाल. पीठ, दाणे, भाकरी, समदं."

सखूआक्कानं तव्यावरची भाकरी, थाळीतली अर्धी, हातातला तुकडा, जात्याभोवतीचं पीठ कुंच्यानं झाडून, उरलेले दाणे, सगळं त्या पदरात घातलं. रडत घातलं. आणि ते संपतंय तोच गोदीनं पोट धरलं आणि ती ओकली.

पुढचं मला तुटक आठवतं. चन्नव्वानं पदरातलं सगळं फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. "हे धर. कुणाला देऊ नको, हात उघड्या पिठाला लावू नको, खाली ठेवू नको." पोरीला खांद्यावर टाकून ती आणि सखूआक्का आडवाटेनं हमरस्त्याकडं पळत निघाल्या, सोलापूर-हैदराबादच्या. मी मागून. रस्त्यावर चन्नव्वा दोन्ही हात पसरून ट्रकसमोर उभी राहिली. ट्रकवाला शिव्या देत थांबला आणि पोरीला बघून म्हणाला, "बैठो अम्मा, जल्दी बैठो, क्या खा गई बच्ची?" आत जागा दोघींचीच. चन्नव्वानं खिडकीतून मला सांगितलं, "इथंच थांब, तुझा काका ह्याच वाटेनं यील." ट्रक गेला. मी गाठोडं घेऊन रस्त्याच्या कडेला. एक कुत्रं आलं, वास घेऊन पायाशी घोटाळायला लागलं. मी गाठोडं डोक्यावर उचललं. कुत्रं बसून राहिलं, मी उभी राहिले. हात भरून आले, मुंग्या आल्या, पण खाली ठेवायचं नव्हतं. ट्रकमागून ट्रक जात होते. भूक लागली होती, आणि माझ्या डोक्यावर भाकरी होती. अंधार पडता पडता काका आले. त्यांनी काही न विचारता गाठोडं घेतलं, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.

गोदीला नळदुर्गच्या दवाखान्यातून सोलापूरला नेलं. ती जगली. पण परत आली तेव्हा तिचे हात थरथरायचे, भांडं धरता येत नव्हतं. ते औषधानं की तिथं चढलेल्या तापानं, डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही म्हणे. काही दिवसांनी सखूआक्का नातीला घेऊन लेकीकडं कर्नाटकात गेली ती पुन्हा आली नाही. गोदीचे हात पुढं बरे झाले का, हे मला आजपर्यंत ठाऊक नाही. विचारायला कुणी उरलं नाही. चन्नव्वानं आणि काकांनी ते गाठोडं बांधाकडेला खोल खड्ड्यात पुरलं, वर धोंडा ठेवला. बाकीचं बियाणं काकांनी पेरलं. पेरायलाच हवं होतं, दुसरं होतं कुठं? त्या वर्षी काणी पडली नाही. कणसं अशी भरली की लोक बांधावर येऊन बघायचे. मावशी काढणीला शेतात गेली नाही.

पुढच्या वर्षी ग्रामसेवक आले तेव्हा ती डोक्यावरून पदर ओढून सरळ ओसरीवर आली.  ती म्हणाली, "साहेब, खायचं न्हाय, हे तुमी कुणाला सांगितलं होतं?"

"मंडळींना सांगितलं होतं की, ताई. सगळे इथंच होते."

"बी कोण राखतंय ते मंडळींना इचारलं न्हवतं काय?"

 साहेबांनी पुडी हातात धरली होती, ती खाली ठेवली. मग ते प्रत्येक घरी दारात उभं राहून बायकांना सांगायला लागले, हे खरं. पण ते पुढचं.

चन्नव्वाचं मात्र त्या शुक्रवारनंतरच्या पहिल्याच मंगळवारी सुरू झालं होतं. गळ्यात लिंग, त्यावर कवड्यांची माळ, हातात परडी. पहिलं दार आमचं. मावशी परडीत पीठ घालताना इतकी रडली की पीठ भिजलं. चन्नव्वा म्हणाली, "रडून पीठ खारट करू नको, मला भाकरी करायचीय." सासूनं तिला चूल वेगळी मांडायला लावली. सासरे ती समोरून आली की तोंड फिरवायचे. दुकानावर लोक हसायचे: सावकाराला तेल परवडत नाही, सून मागायला लावलीय. मूल होत नाही म्हणून देवीला लागली, असंही म्हणायचे, आणि ती ते खोडायची नाही. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर जोगव्यात विष घालणारी म्हणून मावशीचं नाव गावभर झालं असतं, आणि पोलीस आले असते, आणि मावशीचा संसार गेला असता. आणि त्याच संसारात माझंही छप्पर होतं. मी रोज भिंतीवरून तिला बघायची आणि मला आभार मानता यायचे नाहीत. कुणी ऐकलं तर? एकदाच, माझं लग्न ठरल्यावर, मी तिच्या पाया पडले तेव्हा ती पुटपुटली, "बेड गं, नको. उठ. पाठीला उसण भरंल."

मावशी गेली, काका गेले. बाळू तिथंच शेती करतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. चन्नव्वा नव्वदीला टेकलीय, पुतण्याकडं खाटेवर आहे, डोळ्यांना दिसत नाही. मंगळवार आला की उठून बसते, भिंतीला धरून चाचपडते, दारं मोजते. "परडी कोण घेणार?" असं विचारते. घरात सगळ्या सुना शिकलेल्या, नोकरीच्या. त्यांना ते पटत नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. बाळू म्हणाला, जीव अडकलाय तिचा.

मला या गोष्टींवर किती विश्वास आहे, ते मला नीट सांगता येणार नाही. गुडघे दुखतात, साखर आहे, एकटीनं प्रवास करायला मुलगा परवानगी देईल की नाही ही एक काळजी, आणि तिथं पोचेपर्यंत ती असेल की नाही ही दुसरी. पण मुलाला तिकीट काढायला सांगितलंय. कारण विचारलं त्यानं. म्हटलं, एका बाईचं काम राहिलंय. चन्नव्वा, तुमी माझ्याकडं कधी काही मागितलं नाही, तरी मी येतेय. परडी मी घेणार. पाच दारं मी फिरणार, जमेल तेवढी वर्षं, काठी टेकत. गावातल्या कुणीही विचारलं तर का फिरते ते मोठ्यानं सांगणार. तोवर थांबा.